तिसरा ठोका

३ सप्टेंबर

मामा,

नाही पण शिंगं मोजूनच ठरवायचं, हेच तर मी परवा फोनवर ओरडून सांगत होते! तू म्हणालास, "हो हो, जेवलो." मग मेसेज केला, "कुठला वळू ठेवू?" तर तू अंगठा पाठवलास. "कुठला"चं उत्तर अंगठा कसं असू शकतं, सांग मला. म्हणून हे पत्र. कागदावर मला ओरडावं लागत नाही आणि तुला अंगठा पाठवता येत नाही.

तर परिस्थिती अशी आहे. खालचं कुरण गेलं. मालकाने परत घेतलं, खांब रोवायला सुरुवात पण झाली, तिथे सोलर पॅनल येणार. आपल्या सगळ्या गायी, कालवडी आणि तिन्ही वळू आता वरच्या कुरणात आहेत. तिथलं गवत गायींना आणि फार तर एका वळूला पुरेल. आणि गवताचं सोड, तीन लांबशिंगे वळू एका कुंपणात म्हणजे सहा भाले मोकळे फिरतायत. काल दोघांची शिंगं एकमेकांत अडकली तेव्हा मी सरळ पाण्याच्या टाकीवर चढून बसले. तिथून काय मस्त दिसतं सगळं! तू कधी बोलला नाहीस.

म्हणजे एक ठेवायचा, दोन विकायचे, तेही थंडी सुरू व्हायच्या आत. नाहीतर हे भांडतच बसतील, गायी वेळेवर फळणार नाहीत आणि पुढच्या वर्षी वासरंच नाहीत. बरोबर ना? तू कंबर मोडून माझ्या खोलीत झोपलायस आणि मी तुझ्या शेतावर, तर निदान एवढं तरी मी नीट करून दाखवते.

मी डेटा गोळा केलाय. तराजू कुंपणाला लागून चरत होता तेव्हा मी पलीकडून टेप लावली. टोकापासून टोकापर्यंत जाताना माझी टेप संपली. मग तुझ्या डब्यातली शिवणाची टेप जोडली. दोन्हीकडे इतकी सरळ शिंगं, की खरंच दोन्ही टोकांना पारडी लटकवावीत. वकील त्याचाच मुलगा, त्यामुळे त्याची पण कमाल वाढतायत, फक्त तो मोजू देत नाही. प्रत्येक गोष्टीत मध्ये तोंड घालतो. टेप चावली. आणि पाहुणा, जो तू गेल्या वर्षी बाहेरून विकत आणलास, त्याची शिंगं म्हणजे सायकलचं हँडल. तो बिचारा कोपऱ्यात उभा असतो, जसं काही कुणीतरी "बसा ना" म्हणायची वाट बघतोय.

माझं मत: पाहुणा आऊट. तराजू आणि वकील फायनलमध्ये.

एक प्रॉब्लेम आहे. तराजू अंगणात येतच नाही. कुरणातून अंगणात यायच्या फाटकापर्यंत येतो, फाटकाकडे बघतो आणि उभा राहतो. त्याची शिंगं फाटकापेक्षा रुंद आहेत, मान्य. पण मग तू त्याला आत कसा आणायचास? मी चाऱ्याची बादली वाजवली, हाका मारल्या, गाणं म्हटलं. सिरियसली, गाणं म्हटलं. गायी निघून गेल्या.

लवकर लिही. औषधं घेतोयस ना?

तुझी भाची

---

१० सप्टेंबर

फूटपट्टी,

पत्र मिळालं. तुझी आई वाचून दाखवते म्हणाली, पण तिचं वाचन म्हणजे वर्गाची हजेरी. रिटायर झाली तरी आवाज झाला नाही. म्हणून चष्मा शोधून मीच वाचलं.

शिवणाच्या टेपने वळू मोजला हे वाचून हसलो, हसलो म्हणून कंबर दुखली, कंबर दुखली म्हणून ताई ओरडली. तेव्हा जरा जपून लिहीत जा.

शिंगं लोक बघतात. गाय शिंगं बघत नाही. तू पाय बघ. ओल्या मातीत चालवून बघ, मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशात पडतो का. त्याची आई आठव, चारही सड सारखे होते का. आणि स्वभाव. बादली घेऊन गेलीस की तो बादलीकडे बघतो की तुझ्याकडे? बादलीकडे बघणारा बरा. तुझ्याकडे बघणाऱ्याकडे पाठ करू नकोस. टाकीवर चढलीस ते उत्तम केलंस. मीही तिथेच चढतो, पण असल्या गोष्टी कुणी सांगतं का?

पाहुणा विकून टाक. नदीपलीकडच्या बाईला विचार, तिला फिकट रंगाची जनावरं आवडतात. उगाच घासाघीस करू नकोस, ती बोलायला लागली की संध्याकाळ होते.

तराजू अंगणात येत नसेल तर नको येऊ दे. त्याला अंगणात काय काम आहे?

इथे बरं चाललंय. तुझ्या खोलीत डोळे उघडले की समोर तुझे पोहण्याचे कप. रोज सकाळी वाटतं, आज आपली फायनल आहे. छतावर तू चिकटवलेले तारे अजून चमकतात, एक तर बरोबर माझ्या नाकावर आहे, पडला तर नाक गेलं. वॉकर मिळालाय. तो बाथरूमच्या दारातून सरळ जात नाही. माझ्यात आणि दारात रोज भांडण होतं. अजून तरी दार जिंकतंय.

पुढच्या महिन्यात येतोच. तोवर बाकीचं काही ठरवू नकोस.

मामा

---

२१ सप्टेंबर

मामा,

झालं! पाहुणा गेला! पलीकडच्या काकू स्वतः ट्रेलर घेऊन आल्या. तू म्हणालास तसंच, संध्याकाळ झाली. मला गवताच्या सात जाती सांगितल्या, मी पाच विसरले. पाहुणा ट्रेलरमध्ये असा चढला, जसं काही बॅग भरूनच बसला होता. मी हात हलवून टाटा केलं. त्याने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मला जरा वाईट वाटलं, पण माझी पहिली विक्री, मामा! मी फोटो काढला.

आता तुझ्या परीक्षेचा रिझल्ट. टाकीजवळचा चिखल परफेक्ट आहे. तराजूचा मागचा खूर बरोबर पुढच्या ठशात पडतो, जसं काही तो स्वतःच्याच पावलावर पाऊल ठेवतोय. वकिलाचा जरा बाहेर पडतो. बादलीची टेस्ट: वकील बादलीकडे बघतो, मग माझ्याकडे, मग परत बादलीकडे. बादलीची बाजू मांडतोय असं वाटतं. आणि तराजू ना बादलीकडे बघतो, ना माझ्याकडे. तो माझ्या मागे बघतो. मी पण वळून बघितलं, मागे काय आहे ते. घराचं दार आहे.

पण मामा, मला एक मोठी गोष्ट सापडलीय. मी कालवडींच्या कानातले बिल्ले एकेक करून तपासत होते. या हंगामात ज्या कालवडी पहिल्यांदा फळायच्या आहेत, त्या सगळ्या तराजूच्या मुली आहेत! सगळ्या! तूच मला लहानपणी सांगितलं होतंस ना, बाप आणि लेकी एका कुरणात ठेवायच्या नाहीत, वासरं अधू निघतात, कळप आतून पोकळ होतो. म्हणजे वळू कितीही चांगला असला तरी त्याच्या मुली मोठ्या झाल्या की त्यानेच जायचं. किती विचित्र आहे हे. जितका चांगला, तितक्या जास्त मुली ठेवून घ्यायच्या, तितकं लवकर त्याला काढायचं.

म्हणजे तराजूला विकावं लागणार आणि वकील ठेवावा लागणार. असंच ना? मला खूप आनंद झाला की मला हे स्वतःचं स्वतःला कळलं. आणि मग आनंद झाल्याबद्दल वाईट वाटलं. पण ऐक ना, काकू आपणहून म्हणाल्या की त्या कितीतरी वर्षं नदीच्या त्या काठावरून त्याची शिंगं बघतायत. त्यांच्याकडे कुरण केवढं आहे! तिथे तो मजेत राहील. फक्त जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासून द्या म्हणाल्या.

आता सांग, त्याला फाटकातून कसा काढायचा? मागच्या वेळी तू या प्रश्नाला बगल दिलीस. ट्रेलर अंगणातच लागतो. कुरणात रस्ता नाही, चाकं रुततात. तो फाटकातून आल्याशिवाय काहीच होणार नाही.

फूटपट्टी (नाव आवडलं, ठेवते)

---

१ ऑक्टोबर

फूटपट्टी,

मी सांगितलं होतं, बाकीचं ठरवू नकोस. तू ठरवायच्या ऐवजी संशोधन केलंस.

वकील विकून टाक. त्याची नजर मला पहिल्यापासून पटलेली नाही. शिवाय खूर बाहेर पडतो असं तूच लिहितेस. तराजू ठेव. लेकींचं म्हणशील तर एका हंगामाने आभाळ कोसळत नाही. पुढच्या वर्षी बघू.

पलीकडच्या बाईला सांग, विकायचा नाही. तिला शिंगं बघायचीच असतील तर नदीच्या त्या काठावरून बघावीत, इतकी वर्षं फुकट बघतेच आहे.

डॉक्टरला कशाला बोलावतेस? जनावर चरतंय, हिंडतंय, पाणी पितंय. पितोय ना पाणी? दुपारी टाकीची सावली पूर्वेला जाते, तेव्हा तो तिथे येऊन उभा राहतो का? उजव्या शिंगाच्या मुळाशी खाजवलं की डोळे मिटतो, ते करून बघ. कुंपणाच्या अलीकडून कर.

फाटकाचं मी आल्यावर बघू.

ताईने काल माझ्यासाठी कपाट रिकामं केलं. तुझे कप खोक्यात गेले. मी म्हटलं, अगं, चार दिवसांसाठी कशाला? ती म्हणाली, असू दे. मग माझे शर्ट घडी करून लावत बसली. तिने इतक्या हळू घड्या घालताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

येतोच आहे.

मामा

---

१२ ऑक्टोबर

मामा,

डॉक्टर आले होते. तू नको म्हणालास म्हणूनच बोलावले, खोटं कशाला सांगू.

मी त्यांना माझी थिअरी ऐकवली. कालवडी तराजूच्या मुली, म्हणून तराजू जाणार, वकील राहणार. ते हात धूत होते. मला म्हणाले, "शाबास. आणि वकील कुणाचा? शेजाऱ्यांचा?"

मी बादली उलटी करून तिच्यावर बसले.

मामा, वकील त्यांचा भाऊ आहे. पहिल्या पत्रात मीच माझ्या हाताने लिहिलंय, वकील त्याचाच मुलगा. मी चार्ट बनवले, रंगीत पेनं वापरली, आणि बाप दिसला तर भाऊ दिसला नाही. या कालवडींना एकच वळू चालणार होता, बाहेरून आणलेला. सायकलचं हँडल. त्यालाच मी टाटा करून पाठवला.

मग म्हटलं, ठीक आहे, निदान तराजूला तपासा, काकूंकडे तो चांगला राहील. डॉक्टर म्हणाले, त्याला तपासायची गरज नाही, गेल्या वर्षी तपासलाय. तुझ्या मामासमोर. त्याचं बी संपलंय. तुझ्या मामाला विश्वास बसेना म्हणून दोनदा तपासला. मग त्यांनी मला यंदाची वासरं दाखवली. सगळी पाहुण्यासारखी फिकट. मी रोज बघते ती वासरं, मामा. मला वाटायचं, किती गोड रंग आहे.

म्हणजे तुला माहीत होतं. पाहुणा तू त्यासाठीच आणलास. आणि मला सांगितलंस, पाहुणा विकून टाक, उगाच घासाघीस करू नकोस.

मी चिडलेय. पण चिडून पण पूर्ण चिडता येत नाहीये, कारण काल दुपारी मी तराजूला शिंगाच्या मुळाशी खाजवलं आणि त्याने खरंच डोळे मिटले.

मी काकूंकडे गेले. सगळं खरं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, उलट मला पाणी दिलं. म्हणाल्या, या हंगामापुरता पाहुणा परत देते. पण कुंपणात दुसरा वळू असेल तर नाही. त्याची छोटी शिंगं आणि समोर ते भाले, पहिल्याच दिवशी पोट फाडून घेईल. बरोबरच आहे त्यांचं. वकिलाला त्या घेतायत. तिकडे त्याच्या बहिणी नाहीत, मजा करेल. मी विचारलं, आणि तराजू? त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "पोरी, त्याला घेऊन मी काय करू? माझं पण गवत मोजकंच."

सगळं करून बघितलं, मामा. डॉक्टरांना विचारलं, खच्ची करून ठेवू का? ते म्हणाले, या वयात तो टेबलावरून उठणार नाही. वेगळं कुंपण घातलं, त्याने नुसता खांद्याने रेलून ते आडवं केलं, आणि मग माझ्याकडे असं बघितलं की सॉरी, पडलं. गोठ्यात बांधावा तर शिंगं मावत नाहीत. चारा विकत घ्यावा तर या वर्षी कुणाकडे शिल्लकच नाही. आजूबाजूला सगळ्यांना विचारलं. शिंगांचे फोटो काढायला चारजण आले. न्यायला कुणी नाही.

उरला फक्त कसाईखान्याचा ट्रक. तो दर गुरुवारी बाजारातून परत जाताना आपल्या रस्त्याने जातो.

तो गेला नाही तर पाहुणा येणार नाही. पाहुणा आला नाही तर गायी फळणार नाहीत. तू इतकी वर्षं जो कळप उभा केलास, त्यात पुढच्या वर्षी एकही वासरू नसेल. सकाळी गारवा पडायला लागलाय.

तू का केलंस असं? मी ओरडत नाहीये. खरंच विचारतेय.

आणि फाटकाचं तू मला मुद्दामच सांगत नाहीयेस ना?

फूटपट्टी

---

२० ऑक्टोबर

फूटपट्टी,

डॉक्टर खरं बोलला. त्याच्यावर रागावू नकोस.

मला वाटलं होतं, पाहुणा गेला की तू बापलेकांत अडकशील. अडकलीस की थांबशील. तू थांबशील तोवर मी उठेन. मग माझं मी बघेन. तू अडकलीस. मी उठलो नाही.

परवा दुपारी ताई आत होती, तेव्हा वॉकर सोडून खिडकीपर्यंत जाऊन बघू म्हटलं. चार पावलं आहेत. खिडकीपाशी पोचलो असतो, पण मध्येच जमीन वर आली. ताईने मला उचललं. लहानपणी ती मला कडेवर घेऊन गल्लीभर फिरायची, सगळे तिला म्हणायचे, ठेव त्याला खाली, तुझ्यापेक्षा जड झालाय. परवा तिने परत उचलायचा प्रयत्न केला आणि मग दोघंही खालीच बसलो. खूप हसलो. मग तिने हसणं थांबवलं आणि मला सांगितलं. हॉस्पिटलवाल्यांनी तिला आधीच सांगितलं होतं, कपाटाच्या आधी. चढ-उतार कायमचे बंद. फक्त सपाट जागा. आपल्या शेतावर सपाट काय आहे? पाण्याच्या टाकीची वरची बाजू.

तुलाही तिने सांगितलं असणार. तू पत्रात कधी विचारलं नाहीस, "कधी येतोस?" म्हणून. माझ्या ते आत्ता लक्षात आलं.

आता फाटकाचं.

तो लहान होता, शिंगं नुकतीच आडवी पसरायला लागली होती. त्याला त्यांचा अंदाज नव्हता. फाटकात अडकला आणि घाबरून अख्खं फाटक गळ्यात घेऊन पळाला. त्यानंतर फाटक दिसलं की थरथरायचा. मग मी त्याला शिकवलं. पूर्ण एक उन्हाळा गेला.

फाटकाच्या लोखंडी खांबावर काठीने दोन ठोके द्यायचे. तो मान तिरकी करतो. एक शिंग खाली जातं, एक वर येतं. घाई करायची नाही. मान पूर्ण तिरकी होऊन स्थिर झाली की तिसरा ठोका. तिसऱ्या ठोक्यावर तो चालायला लागतो. तिसऱ्या ठोक्याशिवाय काही झालं तरी हलत नाही, आणि तिसरा ठोका मिळाला की आत काय आहे ते बघत नाही. कुठलंही दार असू दे. फक्त खांब लोखंडी हवा आणि काठी माझी हवी. ती घराच्या दाराच्या मागे आहे.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं नाही तोवर त्याला कुणी नेऊ शकत नाही, इतका साधा हिशोब होता माझा.

इथे ताई हल्ली बाथरूमच्या दारावर टकटक करते. मी वॉकर तिरका करतो. एक पाय आत, मग दुसरा. आता दार जिंकत नाही.

पुढचं मला विचारू नकोस.

मामा

---

३० ऑक्टोबर

मामा,

हो, आईने मला सांगितलं होतं. सप्टेंबरातच. तू "येतोच आहे" लिहायचास आणि मी ते वाक्य सोडून बाकीच्या पत्राला उत्तर द्यायचे.

काठी सापडली. तुझ्या मुठीच्या जागी ती काळी आणि गुळगुळीत झालीय. माझा हात तिथे पुरत नाही.

आधी नुसतं करून बघितलं, कुरणाच्या फाटकावर. मला वाटलं, माझ्या हातून होणार नाही, त्याला फरक कळेल. दोन ठोके दिले. तो लांब चरत होता. त्याने डोकं वर केलं आणि मामा, तो पळत आला. एवढं धूड पळताना मी कधी बघितलं नव्हतं. फाटकासमोर थांबला आणि मान तिरकी केली. इतकी सावकाश, जसं कुणी भरलेला ग्लास तिरका करतं, थेंब न सांडता. एक शिंग गवताला टेकलं, एक आकाशात गेलं. मी तिसरा ठोका दिला. तो आत आला. फाटकाला केसाएवढासुद्धा स्पर्श झाला नाही. मी रडत होते आणि टाळ्या वाजवत होते, दोन्ही एकदम.

मग तो अंगणातून सरळ घराच्या दारापाशी गेला आणि तिथेच उभा राहिला. माझ्याकडे बघितलंच नाही. संध्याकाळी मी परत दोन ठोके दिले, मग एक, तेव्हा कुठे कुरणात गेला.

वकील सोमवारी काकूंकडे गेला. ट्रेलरमध्ये चढेपर्यंत ड्रायव्हरशी वाद घालत होता. पाहुण्याला काकूंनी तयार ठेवलंय. म्हणाल्या, अजून आठवडाभर थांबते, मग माझ्याच गायींना सोडीन.

आणि काल गुरुवार होता.

ट्रक अंगणात लागला. मागच्या दाराला दोन्ही बाजूंना लोखंडी खांब आहेत. मी आधीच बघून ठेवलं होतं, आणि मनातून वाटत होतं की लाकडी असावेत. तराजूला फाटकातून अंगणात घेतला. तो घराच्या दाराकडे निघाला, तेवढ्यात मी ट्रकच्या खांबावर दोन ठोके दिले. तो थांबला. वळला. ट्रकला लावलेल्या चढायच्या फळीसमोर येऊन उभा राहिला आणि मान तिरकी केली.

मी काठी वर उचलली.

तो वाट बघत होता. डोळे उघडे, कान माझ्याकडे. एक शिंग फळीला टेकलेलं, एक वर. जराही हलला नाही. ड्रायव्हर आधी म्हणाला, "वा, काय शिकवलाय!" मग थोड्या वेळाने म्हणाला, "घ्या ना आता आत." मग म्हणाला, "ताई, मला अजून पुढे जायचंय." शेवटी टायरवर बसून राहिला. मी काठी तशीच धरून उभी होते. खाली करता येईना, मारता येईना. किती वेळ ते मी मोजलं नाही, मामा. पहिल्यांदाच मी काहीतरी मोजलं नाही.

मग हाताला रग लागली. मला भीती वाटली, की काठी चुकून खांबाला लागेल आणि ठरवल्याशिवायच ठरून जाईल. म्हणून मी काठी जमिनीवर ठेवली. तरी तो तसाच उभा. मी पुढे जाऊन त्याचं कपाळ दोन्ही हातांनी सरळ करायला गेले, तर त्याने करू दिलं नाही. तुझं शिकवणं एवढं पक्कं आहे. ड्रायव्हरने ट्रक पुढे घेतला, दार समोरून निघून गेलं, तेव्हा कुठे त्याने मान सरळ केली. आणि मग जिथे दार होतं त्या रिकाम्या जागेतून चालत पुढे गेला.

ड्रायव्हर चांगला माणूस आहे. म्हणाला, पुढच्या गुरुवारी येतो, पण ती शेवटची खेप.

मी सगळ्या बाजूंनी विचार केला. तो राहिला तर हा कळप संपतो, जो त्याच्यापासूनच सुरू झाला. तो गेला तर कळप राहतो, आणि मी आयुष्यभर काठी हातात घेताना विचार करणार. आज सकाळी कालवडी टाकीपाशी उभ्या होत्या, नाकातून वाफ निघत होती. सगळ्यांची शिंगं त्याच्यासारखीच सरळ आडवी निघालीयत. त्यांच्याकडे बघितलं की वाटतं, देऊन टाकावा ठोका. त्याच्याकडे बघितलं की वाटतं, काठीच मोडून टाकावी. त्याला वाटतं, काठी तुझी आहे म्हणजे दाराच्या पलीकडे तू आहेस.

तू म्हणालास, पुढचं मला विचारू नकोस. पण मी दुसरं कुणाला विचारू? आईला विचारलं तर ती म्हणाली, "मी तुझ्या मामासाठी बाथरूमच्या दारावर टकटक करते ना, तेव्हा मला काय वाटतं ते मला विचार," आणि फोन ठेवला.

या वेळी पत्र लिहू नकोस. वेळेत पोचणार नाही. फोन काढ आणि अंगठा पाठव, तेवढा पुरेल. वर किंवा खाली. तुला काय वाटतं, मामा, तिसरा ठोका देऊ का?